हातांवर देवगाव रंगारीपर्यंत

३ मे २०१३, शुक्रवार, सकाळी सहा वाजून बारा मिनिटे. स्थळ: मैदानामागचे पत्र्याचे शेड. मी हातांवर उभी, पाय वर, स्टॉपवॉच बाबांच्या हातात. निकाल: सरांच्या मोजणीप्रमाणे वेरूळ, घड्याळाप्रमाणे एकाहत्तर सेकंद.

माझ्या वहीतली ही पहिली नोंद. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि वेरूळ हे गावाचे नाव आहे, वेळेचे एकक नाही, एवढे मला नक्की माहीत होते. सरांना ते मान्य नव्हते.

शेडमध्ये आम्हा मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवणारे हे सर एसटीत कंडक्टर होते. तरुणपणी आपण जिम्नॅस्टिक्समध्ये नाव काढले आणि त्या जोरावरच नोकरी मिळवली, असे ते सांगत. पुराव्यादाखल एखादा फोटो मात्र आमच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी औरंगाबाद ते देवगाव रंगारी या एकाच मार्गावर घालवली, कारण देवगाव हे त्यांचे गाव. मी त्यांच्याकडे शिकत असतानाच ते निवृत्त झाले, पण निवृत्तीचा परिणाम फक्त एसटीवर झाला. सरांची खाकी पँट तशीच राहिली, वर पांढरा बनियन, आणि कमरेच्या पट्ट्याला साखळीने लटकणारा, तिकिटाला भोक पाडण्याचा लोखंडी पंच. तिकिटाची यंत्रे आल्यावर एसटीला त्या पंचाची गरज उरली नव्हती. सरांनी तो आमच्यासाठी वापरायला घेतला.

शेडमध्ये घड्याळ नव्हते. हँडस्टँड किती वेळ टिकला हे सर थांबे पुकारून मोजत. छावणी, पडेगाव, शरणापूर फाटा, दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद, वेरूळ, कसाबखेडा, देवगाव रंगारी. एकूण नऊ थांबे, आणि स्वर कंडक्टरचा तोच ताणलेला, अर्धा नाकातला. दौलताबादला कोसळणाऱ्या मुलीला ते विचारत, "किल्ला बघायला उतरली का गं?" खुलताबादला कोसळली तर, "भद्रा मारुतीसारखी आडवी झालीस व्हय? ऊठ, तुला कोण नारळ फोडणार नाय." एखादी छावणीच्या आधीच खाली आली तर सर पुकारणे थांबवत. नुसते तिच्याकडे पाहत. चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाकडे पाहावे तसे.

सुरुवात आणि शेवट यांच्या खुणाही एसटीच्याच होत्या. शेडच्या मधोमध एक लोखंडी खांब होता. त्यावर पंचाचे दोन ठोके, म्हणजे डबल बेल: निघा. एक ठोका, सिंगल बेल: थांबा. जमिनीवरच्या मुलीसाठी ही पद्धत सोयीची होती. हवेत असलेल्या मुलीला सिंगल बेल दिली तर तिने नेमके काय करायचे, याचे उत्तर मला पुढे पदवीच्या अभ्यासातही सापडले नाही.

ते कोणालाही नावाने हाक मारत नसत. जी जिथून येई, तो तिचा थांबा. "ए गारखेडा, गुडघे चिकटव." "ए पडेगाव, नाक वर काय करती, पाय वर कर." मी सिडकोतल्या एन-सातची, म्हणून "एन-सात". पहिल्या एसटीने रोज गंगापूरहून येणारी बारा वर्षांची एक किरकोळ मुलगी होती. ती अर्थात "गंगापूर". सहा वर्षांच्या सहवासात सरांना माझे नाव ठाऊक होते का, हे मी सांगू शकत नाही. बाबांनी घर बदलले असते तर माझी ओळखच पुसली गेली असती.

शेडच्या एका भिंतीवर, पालकांच्या बाकासमोर, कुठल्यातरी भंगारात गेलेल्या गाडीतली पत्र्याची पाटी खिळ्याने ठोकलेली होती: चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये. पालकांना हा विनोद वाटे. बोलायला गेल्यावर कळे की तो विनोद नाही.

आता कार्डांविषयी. प्रत्येक मुलीचे एक कार्ड असे. आलेल्या लग्नपत्रिका सर जपून ठेवत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने सोळा चौकोन आखत. माझ्या कार्डाच्या मागच्या बाजूस कोणा देशमुखांच्या ज्येष्ठ कन्येचा विवाह श्रीकृपेकरून योजिलेला होता. चौकोनांचा क्रम ठरलेला. पहिला: पडणे. दुसरा: दोन्ही बाजूंना पडणे. तिसरा: पाठीवर उताण्या वाटीसारखे, नव्हे, सरांच्या शब्दांत "परातीसारखं" पडून राहणे, म्हणजे कंबर जमिनीला चिकटवून हात-पाय किंचित उचलून धरणे. असे करत नववा: हँडस्टँड, देवगाव रंगारीपर्यंत. बारावा: बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून उलटून पुन्हा पायांवर येणे. एखादी गोष्ट सरांच्या मनासारखी जमली की त्या चौकोनात पंचाचे भोक पडे. मधला चौकोन गाळून पुढच्याला भोक पडल्याचे उदाहरण नाही.

"सर, मला कार्टव्हील येतं. राउंडऑफ पण येतो. नुसत्या हँडस्टँडसाठी किती दिवस थांबायचं?" मी एकदा विचारले.

"तिकीट कुठवरचं हाय?"

"आठव्या चौकोनापर्यंत."

"मग आठव्याला उतर. पुढं जायचं तर पुढचं तिकीट काढ. एवढं तर जनावरं घेऊन चढणाऱ्याला बी कळतं."

त्यांचे उपदेश सगळे याच घडणीचे. रोज दारात दोन्ही मनगटे पुढे करायची. सर अंगठ्याने सांध्यावर दाबून पाहत आणि चेहरा जरा वाकडा झाला की त्या दिवशी हातांवर भार बंद. याला ते "तिकीट तपासणी" म्हणत. अंगात ताप असेल तर परत. रिकाम्या पोटी आलीस तर कोपऱ्यातल्या डब्यातली ज्वारीची भाकरी, तीही उभ्याने. बोटाला नेलपॉलिश दिसले की, "काय गं, वरातीत चालली का?" ज्या दिवशी उडी चुकून चांगली जमे, त्या दिवशी ती पुन्हा करू देत नसत. "चुकून आलेली गाडी. तिच्या भरवशावर स्टँडवर थांबू नको." यातल्या बऱ्याच गोष्टींना शास्त्रीय आधार आहे हे मला नंतर कळले. सरांना तो आहे हे कधी कळले असेल असे वाटत नाही, आणि कळले असते तरी त्यांनी तो एसटीच्या नावावर खपवला असता.

ते दुष्काळाचे वर्ष होते. सिडकोत नळाला चौथ्या दिवशी पाणी येई, आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी आई शाळेतही फोन करून विचारे की माझी बाटली भरलेली आहे ना. दुसरीकडे शहर बीड बायपासच्या दोन्ही अंगांना वाढत होते. ज्या इमारतींना पाणी कुठून येणार हे कोणालाच सांगता येत नव्हते, त्यांच्या जाहिरातींत पोहण्याचे तलाव होते. आमच्या शेडमध्ये उड्या संपायच्या त्या मातीच्या हौदात. लाल माती आणि लाकडाचा भुसा. रोज संध्याकाळी कुदळीने उकरून वर पाणी शिंपडले तरच ती मऊ राही. एप्रिलअखेर पाणी संपले. हौदाची माती विटेसारखी झाली. सरांनी खडूने फळ्यावर लिहिले: पाणी नाही. उडी बंद.

माझ्यासाठी हे अरिष्ट होते. सप्टेंबरात जिल्ह्यातून राज्य स्पर्धेसाठी चार मुलींची निवड व्हायची होती, आणि माझ्या वयोगटातले ते माझे शेवटचे वर्ष होते. निवडीसाठी राउंडऑफला, म्हणजे धावत येऊन हातांवरून वळत दोन्ही पायांवर एकदम उतरण्याला, जोडून बॅक हँडस्प्रिंग आलीच पाहिजे. बॅक हँडस्प्रिंग बाराव्या चौकोनात, मी वर्षभर आठव्यावर, आणि आता उडीच बंद. उन्हाळाभर आम्ही परातीसारख्या पडून राहिलो आणि हातांवर उभ्या राहिलो.

बाबा वाळूजच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळत. अडथळा दिसला की तो हटवायचा, ही त्यांची सवय. त्यांनी आणखी दोन पालकांना बरोबर घेऊन हौदासाठी पाण्याचा टँकर मागवला. मे महिन्यातल्या एका सकाळी तो शेडसमोर येऊन उभा राहिला. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान होते. मैदानाच्या पलीकडे नवी वस्ती होती. तिथल्या बायका टँकरच्या आवाजाने ड्रम आणि हंडे घेऊन बाहेर आल्या, पण टँकर आपला नाही हे पाहून तिथेच थांबल्या.

सर बाहेर आले. टँकरभोवती एक फेरी मारली. पाइप पाहिला, वस्तीकडे पाहिले, मग बाबांकडे.

"मातीवर वतायचं व्हय हे?"

"हो सर. मुलींची प्रॅक्टिस बुडतेय. आता सुरू करा उड्या."

सरांनी मान हलवली. बाबांना वाटले, होकार आहे. सर टँकरच्या मागे गेले, पंच काढला आणि पत्र्यावर दोन ठोके दिले. चालकाने क्षणभरही विचार केला नाही. डबल बेल ऐकून गिअर टाकला. सर हाताने दिशा दाखवत पुढे धावत होते आणि टँकर वस्तीकडे निघाला होता. बाबा "अहो! अहो!" म्हणत मागे.

"उड्या दिवाळीत मारू," परत आल्यावर सर म्हणाले. "दिवाळी काय कुठं जात नाय."

ही गोष्ट आता सांगितली की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. माझे त्या दिवशी रागाने पाणावले होते. वस्तीला पाणी मिळू नये असे माझे म्हणणे नव्हते. पण दुसऱ्याच्या टँकरवर स्वतःचे औदार्य दाखवण्याआधी निदान विचारावे, एवढी अपेक्षा मी आजही अवास्तव मानत नाही. निवड सप्टेंबरात होती आणि दिवाळी नोव्हेंबरात.

घड्याळ आणण्याचा निर्णय माझा होता. मला बऱ्याच दिवसांपासून शंका होती की सरांचे थांबे सगळ्यांसाठी सारख्या अंतरावर नाहीत. मी तीन आठवडे मोजणी केली. बाबा सकाळी सोडायला येत तेव्हा ते माझी वेळ मोजत. इतर मुलींची मी मोजत असे. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, मुलगी, थांबा, सेकंद, शेरा. गंगापूर देवगाव रंगारीला चोपन्न सेकंदांत पोहोचत होती. गारखेडा साठ-बासष्ट. मी कसाबखेड्याला कोसळत होते, आणि तेव्हा घड्याळात नव्वद सेकंद झालेले असत. म्हणजे मी गंगापूरपेक्षा दीडपटीहून अधिक वेळ हातांवर उभी राहत होते आणि तिच्या कार्डाच्या नवव्या चौकोनात भोक होते, माझ्या नव्हते.

शेऱ्याच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिले होते की माझ्या वेळी सर दोन थांब्यांमध्ये मध्येच थबकतात आणि काहीतरी पुटपुटतात. "चढतायत… चढतायत… उतरू दे आधी…" असे काहीसे. त्याला मी नाव दिले: बडबड. प्रत्येक मोजणीत बडबड किती वेळा झाली, तेही लिहिले. अचूकतेची मला तेव्हाही आवड होती.

बाबांनी त्याचा तक्ता केला, रंगीत आलेख काढले, फोनवर माझे हँडस्टँड चित्रित केले आणि जूनच्या पहिल्या रविवारी शेडमध्ये पालकांची सभा बोलावली. प्रत्येकाच्या हातात तक्त्याची एक प्रत. एक सरांच्याही.

"सर, हे बघा. माझ्या मुलीला नव्वद सेकंदांनी कसाबखेडा, आणि त्या मुलीला चोपन्न सेकंदांत देवगाव. हे काय आहे?"

सरांनी कागद लांब धरून वाचला. "बरोबर हाय."

"बरोबर? म्हणजे तुम्ही मान्य करता?"

"घड्याळ खोटं कसं बोलंल? बरोबर हाय. हिची गाडी मधी थांबती. तिची थांबत नाय."

"पण का थांबते?" गारखेड्याच्या आईने विचारले.

"प्रवासी चढतात."

दोन-तीन जण हसले. बाबा हसले नाहीत. "सर, आम्ही गंभीरपणे बोलतोय."

"म्या बी. कंबरंत प्रवासी चढतात हिच्या. ते उतरल्याबिगर गाडी हालवता येत नाय. सांगून थकलो मी. व्हय का नाय गं, एन-सात?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "सर काय म्हणतायत ते मला माहीत नाही." ते खरे होते.

सरांनी मग तक्त्याची घडी घातली, कोपऱ्यावर पंचाने एक भोक पाडले आणि कागद बाबांच्या हातात परत दिला. "घ्या. झाली तपासणी."

त्या महिन्यात अकरा मुलींनी शेड सोडले. गंगापूर थांबली. तिची एसटी शेडजवळच थांबत असे आणि दुसरीकडे जायला तिला दुसरे वाहन नव्हते.

आम्ही अकरा जणी बायपासजवळच्या नव्या अकादमीत गेलो. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यात सांगण्यासारखे थोडेच होते. चारही भिंतींना आरसे. निळ्या गाद्या, इतक्या मऊ की त्यांवर पडले तरी पडल्याचे कळू नये. पालकांसाठी काचेमागे कॉफी. दर दोन महिन्यांनी लेव्हल बदलली जाई आणि नव्या लेव्हलचे प्रमाणपत्र चकचकीत कागदावर मिळे. एखादी मुलगी लेव्हलमध्ये मागे राहिल्याचे मी पाहिले नाही. तिथल्या कोचना मी पहिल्याच दिवशी विचारले की हँडस्टँड किती सेकंद टिकला पाहिजे. ते हसून म्हणाले, "तू स्ट्राँग आहेस, पुढे चल." अकराव्या दिवशी मी बॅक हँडस्प्रिंग मारली. काचेमागे बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात मी रोज चाळीस मारल्या. वहीत मोजून लिहिले आहे.

ऑगस्टच्या मध्यात कमरेत दुखू लागले. अकादमीत सांगितले, स्ट्रेच कर. मी स्ट्रेच केले; म्हणजे दुखणारी जागा आणखी मागे वाकवली. सप्टेंबरात, निवडीच्या नऊ दिवस आधी, मला वाकून बूट घालता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून कमरेच्या शेवटच्या मणक्यात केसाएवढी चीर दाखवली. कंबर पुन्हा पुन्हा मागे मोडली की ती पडते. बारा आठवडे पट्टा, उड्या बंद.

निवडीच्या दिवशी मी एन-सातमधल्या आमच्या घरी पाठीवर पडून होते. दुपारी गारखेड्याचा फोन आला. चार मुली निवडल्या गेल्या होत्या. आम्हा अकरा जणींपैकी एकही नाही. गंगापूर दुसरी. जुलैच्या पावसाने शेडचा हौद भिजला होता, उड्या सुरू झाल्या होत्या, आणि तिच्या बाराव्या चौकोनात भोक पडले होते.

बारा आठवडे पडून राहिलेल्या माणसाला करण्यासारखे फार नसते. मी वही उघडली आणि बाबांच्या फोनवरचे ते पुरावे पुन्हा पाहू लागले. हेतू शुद्ध नव्हता: सरांनी माझा किती वेळ चोरला याची नेमकी बेरीज करून मला ती त्यांना पाठवायची होती. त्यासाठी प्रत्येक बडबडीचा आरंभ आणि शेवट टिपायचा होता. मी चित्रफीत थांबवत, पुढे सरकवत, पुन्हा थांबवत गेले.

शरणापूर फाट्यानंतर सर थबकतात. पडद्यावरच्या मुलीची कंबर पुढे पडली आहे, फासळ्या बाहेर, शरीराचा आकार पिकल्या केळ्यासारखा. "चढतायत… चढतायत…" मुलगी पोट आत ओढते, रेषा सरळ होते. "दौलताबाद." पुन्हा कंबर पडते. "चढतायत…" थांबा नाही. कंबर सरळ. "कागजीपुरा." मी सहा चित्रफिती तपासल्या. माझ्या शेऱ्याच्या रकान्यातली एकूण एक बडबड माझ्या वाकलेल्या कमरेवर बसत होती. वाकलेले सेकंद वगळून पाहिली तर प्रत्येक थांब्याला सहा सेकंद, माझ्यासाठीही आणि गंगापूरसाठीही. त्या माणसाचे एकक बाबांच्या स्टॉपवॉचइतकेच स्थिर होते. तो वेळ मोजतच नव्हता. सरळ उभे राहण्याचा वेळ मोजत होता. माझ्याच वहीत ते तीन आठवडे लिहिलेले होते, आणि मी त्याला बडबड हे नाव देऊन शेवटच्या रकान्यात टाकले होते.

इथे सरांना निर्दोष सोडण्याचा मोह होतो. मी सोडत नाही. "तुझी कंबर वाकते, त्याने मणका दुखावेल" हे वाक्य मराठीत उपलब्ध आहे आणि त्याला चार सेकंद लागतात. ते त्यांनी कधी उच्चारले नाही. शरीरशास्त्राचे त्यांनी परिवहनात भाषांतर केले होते आणि कोश एकट्याच्या डोक्यात ठेवला होता. गंगापूरला ते कळत असे, कारण ती रोज दोन वेळा एसटीने प्रवास करी आणि उभ्याने करी. मी स्कूटरवर बसून येत होते.

जानेवारीत मी शेडमध्ये परत गेले. सर खांबाला टेकून उभे होते. मी जुने कार्ड पुढे केले.

"हे चालत नाय. मुदत संपली."

"सर, आठ भोकं आहेत त्यावर."

"असतील. पाठ तीच हाय का?" त्यांनी खिशातून नवी लग्नपत्रिका काढली. "पहिला चौकोन. पड."

तिथून पुढे मी दोन वर्षे चार महिने त्या शेडमध्ये गेले. स्पर्धेचे वय निघून गेले होते. बाबांना माझे जाणे कळत नसे आणि मलाही ते त्यांना नीट सांगता येत नसे. प्रयोग अपुरा राहिला आहे, एवढेच मी म्हणत असे. मी पडले, दोन्ही बाजूंना पडले, परात झाले. बारावीचा अभ्यास सुरू झाला तेव्हा मी पुन्हा आठव्यावर होते. दुष्काळही परत आला होता. हौदातली माती पुन्हा वीट झाली, फळ्यावर तेच चार शब्द आले, आणि या वेळी टँकर मागवायला कोणी पालकच उरले नव्हते. शेडच्या जागेवर गाड्या लावण्यासाठी बहुमजली इमारत उभी राहणार असल्याचे एप्रिलमध्ये कळले. सरांनी ती बातमी अशी सांगितली: "हा थांबा रद्द झाला."

शेवटच्या सकाळी आम्ही चौघीच होतो. गंगापूर आता पंधरा वर्षांची झाली होती. तिच्या हातात मी घड्याळ दिले आणि हातांवर उभी राहिले. दोन ठोके पडले. छावणी. पडेगाव. शरणापूर फाटा. दौलताबादनंतर मी वाट पाहत होते की आता थबकतील. "कागजीपुरा," सर म्हणाले. खुलताबाद. वेरूळ. कसाबखेड्याला माझे खांदे थरथरत होते, पण आवाज पुढे सरकला. "देवगाव रंगारी. उतरा आता, डेपो आला."

"चोपन्न सेकंद, ताई," गंगापूर म्हणाली.

सरांनी नवव्या चौकोनात भोक पाडले. अभिनंदन वगैरे केले नाही. पडलेला कागदाचा गोल कपटा फुंकून टाकला.

मग मला राहवले नाही. "सर, आता तुम्ही."

"मी काय?"

"हँडस्टँड. सहा वर्षांत एकदाही दाखवला नाहीत."

"ताई, सरांना येत नाय वाटतं," गंगापूर माझ्याआडून म्हणाली.

"कुणाला येत नाय?" सरांनी चपला काढल्या. बनियन पँटीत खोचला. पट्ट्याचा पंच सोडून माझ्या हातात दिला. तो इतका जड असेल असे मला वाटले नव्हते. "दे बेल."

मी खांबावर दोन ठोके दिले. आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस खरोखर वर गेला. एका झेपेत, पाय जुळलेले, तळहातांचा आवाजही झाला नाही. ते फोटो कुठेतरी असणार, हे मला तेव्हा पटले.

"छावणी," मी म्हणाले.

त्यानंतर पोट सुटले, बनियन तोंडावर आला आणि कंबर पडली. मी एक ठोका दिला.

"अगं, थांबवली का?" बनियनमधून आवाज आला.

"प्रवासी चढतायत, सर."

"कुठं?"

"कंबरेत."

"खोटं! कोण नाय चढलं! हालव गाडी!"

"आधी उतरू द्या."

गंगापूर तोंडावर हात दाबून हसत होती. सर उलटे उभे राहून मला, चालकाला आणि संपूर्ण परिवहन खात्याला शिव्या देत होते, पण कंबर काही सरळ होईना. शेवटी ते खाली आले. पहिल्या चौकोनात शिकवतात तसे, खांद्यावरून, गोल, आवाज न करता.

"कुठवर गेलतो?"

"छावणी."

"दौलताबाद तरी लिही."

मी वही उघडली.

२९ एप्रिल २०१६, शुक्रवार, सकाळी सात वाजून पाच मिनिटे. घड्याळाप्रमाणे बावीस सेकंद. शेरा: प्रवासी चढले. थांबा: छावणी. ग्राह्य वेळ: सहा सेकंद.